गोदाची एकच अट

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. दारू पोटात असतानाही नाही. मागं एकदा तापात दोन दिवस बडबडत होतो, तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या पहिलं विचारलं — काय बोललो मी? बैलांचे भाव सांगत होता म्हणाले. तेव्हा कुठं पाणी मागितलं.

तुम्हाला सांगतोय म्हणून तुम्ही स्वतःला कुणी मोठे समजू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच तुमचं भांडवल. ओळखत असता तर ही पानं तुमच्या हाती पडू दिली नसती.

मी बैलांचा व्यापारी. लोक हेडी म्हणतात, म्हणोत. बारामतीत आलो तेव्हा पायात वहाण नव्हती. बाजारात दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून उन्हात उभा राहायचो आणि घेणाऱ्या-देणाऱ्यांची तोंडं बघायचो. बाकीची पोरं बैलाचे दात बघायला शिकली, मी माणसाचे डोळे बघायला शिकलो. आज माझा गोठा आहे, चार गडी आहेत, आणि इंदापूरपासून माणसं जोडी बघायला माझ्याकडं येतात. हे मला कुणी दिलेलं नाही. मी घेतलंय.

आमचा सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं धरून भाव करायचा. चार माणसं भोवती उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. भाव पटला नाही, सौदा मोडायचा असला, की समोरच्याचा अंगठा धरून दाबायचा. अंगठा दाबला की संपलं. त्यानंतर एक बोट जरी हललं तरी तो माणूस बाजारातून उठला म्हणून समजा. बोटांवर ठरलेला शब्द मी कधी मोडला नाही. माझा बाप मेला त्या दिवशी ठरलेली जोडीसुद्धा सांगितलेल्या वेळी पोचती केली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढं काय आलंय ते नीट कळावं म्हणून सांगतोय.

आणि राग. माझा राग सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. ताट भिरकावलंय, गड्याला चाबकानं फोडलंय. गोदावर, म्हणजे माझ्या बायकोवर, कधी हात टाकला नाही असं इथं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. टाकला होता. दोनदा.

आता ते सांगायचं. इथंच लेखणी अडते. खून केला असता तर लवकर सांगून झाला असता. खुनाला निदान मान तरी असतो — गुदगुल्यांना काय मान आहे?

हसा. हसून घ्या. मी थांबतो.

एका दुपारी तळपायात बाभळीचा काटा मोडला. गोदा पाय मांडीवर घेऊन सुईनं काढत होती. सुई खोल गेली तरी मी हूं की चूं केलं नाही. पण काटा निघाल्यावर तिनं बोटानं तळवा पुसला आणि मी फिस्सकन हसलो. पाय ओढून घेतला. तिनं वर बघितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मला हसताना तिनं पहिल्यांदा पाहिलं. बाजारात मी हसत नसे. हसणाऱ्याचा भाव पडतो. घरीही ती सवय सुटली नव्हती.

तिनं पुन्हा बोट फिरवलं. मी ओरडलो, सोड म्हणालो, शिवी दिली, आणि हसलो, इतका की डोळ्यांतून पाणी आलं. तिनं लगेच पाय सोडला आणि मागं सरकून बसली. मार बसेल म्हणून. मी मारलं नाही. आठ दिवस काहीच बोललो नाही. नवव्या दिवशी जेवण झाल्यावर घोंगडीवर आडवा झालो, पाय तिच्याकडं केले आणि भिंतीकडं बघत म्हणालो, तसं कर.

कळतंय का? तिनं काही केलं नाही. मी मागितलं.

गोदा अडाणी नव्हती. हेड्याची बायको होती. ती म्हणाली, फुकट न्हाय. मी विचारलं, काय पाहिजे? मला वाटलं पाटल्या मागेल. तिनं पदर पुढं केला, माझा हात त्याखाली घेतला आणि बाजारातल्या माणसासारखी बोटं धरली. मला हसूच आलं. मग तिनं अट सांगितली. एकच.

“खाली हाय तवर मी म्हणीन तसं. आन् उठल्यावर राग काढायचा न्हाय.”

आणि मला नको झालं तर? तर अंगठा दाबा, म्हणाली. तोंडानं सोड म्हणालात तर सोडणार न्हाय. तोंडाचं कोण धरतंय? तिला नको झालं तर तीही अंगठा दाबेल. ठरलं.

दोन वर्षं चाललं ते. आठ-पंधरा दिवसांतून एखादी दुपार. गडी चाऱ्याला गेलेले असायचे. ती माझ्या नडग्यांवर बसायची, हातात बैलाच्या शिंगाचा लोकरी गोंडा घ्यायची आणि मी गयावया करायचो. तिच्या पाया पडायचो. ती म्हणायची, रंगरावाचा काळा बैल चांगला हाय म्हणा. रंगराव म्हणजे माझा वैरी, दुसरा हेडी, त्याचं पुढं येईलच. मी म्हणायचो, चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला आहे, आईशप्पथ चांगला आहे. ती खदखदून हसायची आणि मीही. मी अंगठा दाबला की तिचं बोट तिथल्या तिथं थांबायचं. एकदाही असं झालं नाही की मी दाबला आणि तिनं वर एक बोट फिरवलं. मग आम्ही उठायचो, ती चहा ठेवायची, मी बाहेर जाऊन गड्यांवर ओरडायचो.

मला त्यातून काय मिळत होतं, ते विचारू नका. मलाही पुरतं सांगता यायचं नाही. दिवसभर मी मूठ आवळून असायचो — झोपेतसुद्धा, गोदा सांगायची. तिथं ती मूठ कुणीतरी उघडायचं, आणि त्या उघडणाऱ्याच्या शब्दावर विश्वास होता. आणि तिला? तिला काय मिळत होतं हे मी कधी विचारलंच नाही. आत्ता लिहिताना ध्यानात आलं. एवढं मात्र दिसायचं, की त्या दोन वर्षांत ती मला घाबरत नव्हती.

असो. हे चांगलं होतं तेवढं झालं.

त्या दुपारी पुढच्या दाराला कडी होती. गोठ्याच्या बाजूचं दार लोटलेलं होतं. इंदापूरचे दोघे जण जोडी बघायला आले होते आणि रंगराव त्यांना वाटेत भेटून मुद्दाम बरोबर आला होता. माझं गिऱ्हाईक फोडायला, दुसरं काय? हा रंगराव बाजारात माझ्यासारखाच कासरे धरत मोठा झाला, पण त्याच्या बापाची जमीन होती म्हणून त्याला सगळे राव म्हणाले आणि मला हेडी. ते अजून मला सलतं. लपवत नाही.

त्यांनी गोठ्यातून हाक मारली असेल. मला ऐकू आली नाही. मी ओरडत होतो, सोड गं, पाया पडतो तुझ्या, तू म्हणशील ते करीन. दार उघडलं. मी घोंगडीवर उताणा, डोळ्यांतून पाणी, आणि माझ्या पायांवर पदर खोचून बसलेली गोदा, हातात गोंडा.

रंगराव चौकटीत तसाच उभा राहिला. मग म्हणाला,

“काय पाव्हणं, वहिनींनी कुठल्या बैलाला येसण घातलीया?”

मागचे दोघे हसले. एकानं तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. मला पुढचा सगळा बाजार दिसला. उपरण्याखाली हात घातला की समोरचा तळहातावर बोट फिरवणार, भोवतीचे फिदीफिदी हसणार. वीस वर्षं उन्हात उभं राहून मिळवलेलं तोंड त्या चौकटीत उभं राहून तीन माणसं घेऊन चालली होती.

मला एवढंच म्हणायचं होतं — मीच सांगितलं होतं तिला. नवरा-बायकोचं आहे, तुमचं काय जातं? निघा. असं म्हणून एकाला बाहेर ढकललं असतं, तर माझ्या रागाला सगळे भितात, आठ दिवस बोलले असते आणि गप्प झाले असते. हे मला आज सुचतंय असं नाही. तेव्हाही सुचलं होतं. दोन्ही माल माझ्यापुढं होते. मी निवड केली.

मी उठलो. गोदाच्या थोबाडीत मारली. केस धरले आणि ओरडलो, जा, सोड तिला. मग त्यांच्याकडं वळून खालच्या आवाजात म्हणालो, हिच्या अंगात येतं. दुपारचं येतं. आलं की चार माणसांचा जोर असतो, मला आडवा करते.

हसू जागच्या जागी विझलं. इंदापूरच्या एकानं हात जोडले. दुसरा दोन पावलं मागं गेला. रंगराव, तो सुद्धा, घाईघाईनं वहाणा शोधायला लागला. माझा कुठलाच माल इतक्या लवकर खपला नव्हता. आणि का खपला हेही मला ठाऊक होतं. गोदाला मूल नव्हतं. आळीतल्या बाया आधीपासूनच काहीबाही बोलत होत्या. मूल नसलेल्या बाईच्या अंगात काहीतरी आहे, हे लोकांना विकावं लागत नाही, ते स्वतः घ्यायला येतात. एका श्वासात मी हे सगळं जोखलं होतं. तेवढी अक्कल मला आहे.

ते गेल्यावर गोदानं खोचलेला पदर सोडला. मग केस बांधत म्हणाली, अट मोडली तुमी. आणि थोड्या वेळानं म्हणाली, उद्या रंगरावाला गाठून सांगा, दोन शब्द हायत. मी बघू म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सांगायला जागाच उरली नाही. सकाळी दारात लिंबं होती, अंगारा होता, बाया होत्या. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ अंथुर्ण्याहून आला, दौलत. साधा माणूस, माझ्यापुढं कधी मान वर न करणारा. त्यानं बहिणीला विचारलं, ती माझ्याकडं बघत राहिली. मग तो माझ्याजवळ आला, पागोटं काढलं आणि म्हणाला,

“दाजी, माझ्या डोक्यावर हात ठिवून सांगा. खरंच येतं का तिच्या अंगात?”

त्याच्या डोक्याला घाम होता, माझ्या तळव्याला लागला. येतं, म्हणालो.

अंथुर्ण्याच्या पुढं एका वस्तीवर देवऋषी होता. तीन अवसा तिला तिथं न्यायचं ठरलं. बैलगाडी माझी, बैल माझे. बैल कितीला पडले होते ते मला वाटेत आठवत होतं, दुसरं काही आठवू नये म्हणून मी तेच घोळवत होतो.

पहिल्या अवसेला धुनीत मिरच्या टाकल्या आणि तिचं डोकं त्या धुरावर धरलं. ती खोकून खोकून आडवी झाली. देवऋषी म्हणाला, चिवट आहे. दुसऱ्या अवसेला ओला दोर आणला. तिथली रीत अशी की घरच्या माणसानं हात धरायचे, म्हणजे बाहेरचं जे काही असेल ते परक्याच्या अंगात शिरत नाही. मी समोर बसलो, तिचे दोन्ही हात धरले. पहिला दोर पाठीवर बसला. दुसरा बसला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मान खाली होती. पण तिचा पंजा माझ्या हातात फिरला आणि तिनं माझा अंगठा धरला. दाबला.

भोवती तीस माणसं होती. कुणाला काही कळलं नाही.

मी काय केलं? तिच्या पंज्यातून अंगठा सोडवून घेतला. ती घट्ट धरून होती, तेव्हा एक-एक बोट उचकटावं लागलं. मग तिचे हात दौलतच्या हातात दिले, तू धर म्हणालो, आणि लांब लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. दोर किती बसले मला ठाऊक नाही. मी पाठ केली होती.

मला आजही तिचा राग येतो. हो, तिचा! ती का बोलली नाही? भर माणसांत म्हणाली असती, ह्यानंच सांगितलं होतं मला, हा पाय पुढं करून पडायचा, तर मी काय करणार होतो? तिच्या हातात माझी सगळी अब्रू होती आणि तिनं ती वापरली नाही. बाजारात असं कुणी करत नाही. हातात आलेलं हत्यार कोण खाली ठेवतं? तिनं ठेवलं, आणि त्या दिवसापासून मी तिच्यापुढं हरलेला आहे. हरणं मला सहन होत नाही. ही माझी बाजू नाही, हा माझा स्वभाव आहे. तो असाच आहे.

तिसऱ्या अवसेला दोर उगारण्याआधीच ती बोलली. देवऋषीनं केस धरून विचारलं, बोल, कोण हायस, काय घेऊन सोडशील? सगळे वाट बघत होते. नारळ मागेल, कोंबडं मागेल. ती माझ्याकडं बघून, अगदी रोजच्या आवाजात, भाकरी वाढू का विचारावं तशा आवाजात म्हणाली,

“ह्यांचं हसू घेते. मंग जाते.”

देवऋषीला काय करावं कळेना. असलं मागणं त्यानं ऐकलं नव्हतं. मग त्यानं माझ्यावरून लिंबू उतरवलं, घेतलं म्हणाला, आणि गेलं गेलं असा गलका झाला. दौलत रडला. मला बायांनी कुंकू लावलं. परत येताना ती गाडीत मागच्या बाजूला पाय खाली सोडून बसली होती.

माझा धंदा वाढला. वेड्या बायकोला टाकली नाही, गाडीत घालून नेली, बरी केली, असा माणूस शब्दाला पक्का, असं लोक म्हणाले. रंगराव स्वतः सांगत फिरला. त्याच्या तोंडून माझी स्तुती ऐकायची माझी वीस वर्षांची हौस अशी फिटली.

घरात ती सगळं करते. ताट वेळेवर, पाणी वेळेवर. तिनं मला एक वाकडा शब्द बोललेला नाही. दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, मी दोन्ही दारांना कड्या लावल्या आणि घोंगडीवर आडवा झालो. पाय तिच्याकडं केले. ती जोंधळे निवडत होती. बघितलं तिनं. मग सूप झटकलं आणि म्हणाली, माझ्या अंगातलं गेलं न्हवं? तुमीच नेलं हुतं घालवायला. आणि जोंधळे निवडत राहिली. मी तसाच पडून होतो. किती वेळ कोण जाणे. मग उठलो, कड्या काढल्या.

तुम्ही म्हणाल, झालं-गेलं. सात-आठ वर्षं झाली. ती तरी जगतेय ना?

जगतेय. अंगातून गेलं असं देवऋषी म्हणाला, लोकांनी मान डोलावली, पण एकदा आलं ते पुन्हा येईल ही भीती कुणाच्या मनातून गेली नाही. हळदीकुंकवाला तिला शेवटी बोलावतात, बोलावलं तर. बाळंतिणीच्या खोलीत जाऊ देत नाहीत. रस्त्यानं जाताना ती कुणाच्या कडेवरच्या पोराकडं बघून हसली तर पोराच्या डोक्यावर पदर येतो. कुणी भांडत नाही, कुणी तोंडावर काही बोलत नाही, फक्त पदर येतो. आणि गोदाला पोरं फार आवडतात.

समोरच्या घरात परवा बारसं होतं. त्या घराची सून नवी आहे, गावाबाहेरची, तिला मागचं ठाऊक नसेल असं गोदाला वाटलं असावं. तिनं चार दिवस बसून अंगडं-टोपडं शिवलं. खणाचं, टोपड्याला लाल काठ. दुपारी लुगडं बदललं, पुडी पदराखाली घेतली आणि गेली. मी ओसरीवर दोराला पीळ घालत होतो. समोरच्या दारात सासू आली. मला शब्द ऐकू आले नाहीत. सासूनं हात जोडले. सासूच्या मागं पाळण्याचं गाणं चालू होतं, ते कुणीतरी जरा मोठ्यानं म्हणायला लागलं. गोदा वळली आणि परत आली. माझ्या समोरून आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला म्हणून मी उंबऱ्यापर्यंत गेलो. पेटीत तशी टोपडी आधीच होती. हिरवी, पिवळी, एकाला जर लावलेली. मला त्यांचा पत्ता नव्हता. तिनं नवं टोपडं त्यांच्यावर ठेवलं, हातानं सारखं केलं आणि झाकण लावलं. मग मला विचारलं, चहा ठिवू का?

गोदाच्या अंगात कधीही, काहीही आलं नव्हतं. मी मागितलं म्हणून ती करत होती. मी खोटं बोललो. तिच्या भावाच्या डोक्यावर हात ठेवून बोललो, आणि तिनं अंगठा दाबला तेव्हा थांबलो नाही.

एवढंच सांगायचं होतं. हेच समोरच्या सासूला सांगायला आळी ओलांडून जायची वीस पावलं आहेत. परवा ओसरीवर बसून मी ती मोजली. मग दोर पूर्ण केला.